'बेअर अप' या इंग्रजी क्रियापदाचा नेमका अर्थ काय?

दुःखात किंवा संकटात खचून न जाता तग धरणे. मराठीत 'धीराने घेणे' त्याच्या सर्वांत जवळ जातं. घरात कुणी गेलं असेल तर 'हाऊ इज शी बेअरिंग अप?' असं विचारतात, म्हणजे 'सावरलीय का ती?' कशाला तोंड देतोय ते सांगायचं तर पुढे 'अंडर' येतं: 'ही बोअर अप अंडर द स्ट्रेन', इतका ताण असूनही तो डगमगला नाही. भूतकाळी रूप 'बोअर', तिसरं 'बोर्न'.

गंमत म्हणजे हा 'बेअर' आणि आपला 'भार' एकाच इंडो-युरोपीय धातूतून आलेत. अर्थ ओझं वाहण्याचाच. 'बेअर विथ मी' मात्र वेगळं, ते 'जरा सांभाळून घ्या' या अर्थी.