संत्र्याची साल, पऱ्हाटी आणि तर्रीचं तेल

प्रतापनगर, नागपूर : आमच्या बारा घरांच्या सोसायटीत गच्चीवर छोटी बायोगॅसची टाकी आहे. उन्हाळ्यात छान चालली. दिवाळीनंतर गॅस कमी झाला, आता शेगडी पेटते आणि लगेच विझते. टाकीजवळ आंबट वास येतो. सध्या घरोघरी संत्र्याचा रस निघतो, ती सगळी साल आम्ही टाकीतच घालतो. ती तर फळाचीच साल, मग चूक कुठे झाली?

चूक सालीत आहे, आणि थोडी थंडीतही. ताजी साल पेटत्या मेणबत्तीजवळ धरून चिमटीत दुमडून बघा. बारीक ठिणग्यांचा फवारा उडेल. ते सालीतलं तेल, आणि त्यात 90 टक्क्यांहून अधिक लिमोनीन असतं. बुरशी आणि किडीपासून फळ राखायला झाडानं केलेली ती सोय आहे. तुमच्या टाकीतल्या सूक्ष्मजीवांना नेमकं तेच बाधतं.

टाकीत सूक्ष्मजीवांचे दोन गट कामाला असतात. पहिला गट अन्न फोडून त्याची आम्लं करतो. हे चिवट आणि झपाट्यानं वाढणारे. दुसरा गट ती आम्लं पचवून मिथेन बनवतो. हे मात्र नाजूक आणि सावकाश वाढणारे. त्यांना साधारण 35 अंशांची ऊब लागते. नागपुरात डिसेंबरच्या काही रात्री पारा 10 च्या खाली उतरतो, आणि गच्चीवरच्या टाकीला चारही बाजूंनी वारं लागतं. दुसरा गट थंडीनं आणि तेलानं मंदावला, पहिल्याचं काम सुरूच राहिलं, म्हणून आम्ल साचलं. आंबट वास त्याचाच. शेगडी विझते, कारण गॅसमध्ये मिथेन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त झाला आहे.

आता खरकटं आणि साल आठ-दहा दिवस पूर्ण बंद ठेवा. या काळात शेण आणि पाणी सारख्या मापानं कालवून रोज एक बादली घाला. ताज्या शेणात हे नाजूक सूक्ष्मजीव असतातच. शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात पीएच मोजायच्या पट्ट्या मिळतात. बाहेर येणाऱ्या रबडीचा पीएच 7 च्या आसपास आला, की खरकटं पुन्हा सुरू करा, पण आधीच्या पावपटीनं. टाकीभोवती गोणपाट आणि त्यावर काळं प्लास्टिक गुंडाळा. भरण सकाळी गार पाण्यात न कालवता दुपारी उन्हात तापलेल्या पाण्यात कालवा. एवढ्यानंही फरक पडतो.

साल मात्र त्यात परत टाकू नका. उन्हात कडकडीत वाळवली की बरंचसं तेल उडून जातं. मग ती चुरून, वाळल्या पाल्यात मिसळून, थोडी थोडी कंपोस्टमध्ये घाला. सालीतून सुगंधी तेल निघतं, जॅममध्ये लागणारं पेक्टिन निघतं. आपल्या संत्र्याच्या मुलखात ही साल उकिरड्यावर पडलेली दिसते, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

सावनेर तालुका : चार एकर कापूस आहे. वेचणी संपत आली. दरवर्षी पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर रचतो, थोडी चुलीला जाते, बाकी पेटवतो. घरी गोबरगॅस आहे. पऱ्हाटी बारीक करून त्यात घातली तर चालेल का?

नाही. पऱ्हाटी म्हणजे लाकूडच. लाकडाला कणखरपणा देणारं लिग्निन गोबरगॅसमधल्या जीवाणूंना पचत नाही. काड्या वर तरंगून साय धरतील आणि संयंत्र तुंबेल. ओलं आणि मऊ असेल ते गॅसला, लाकडासारखं असेल ते आगीला, एवढं मनाशी धरून ठेवा.

धुऱ्यावर रचणं आधी थांबवा. न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात तुमच्याच शेतात उतरते. जाळून अळी मरते हे खरं, पण हेक्टरी दोन-तीन टन माल धुरात जातो. एक वाट म्हणजे श्रेडरनं बारीक करून तिथंच जमिनीत गाडणं. दुसरी वाट म्हणजे ब्रिकेट किंवा पेलेट (चुरा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या किंवा गोळ्या) करणाऱ्या कारखान्याला देणं. केंद्र सरकारच्या 2021 च्या धोरणानं औष्णिक वीज केंद्रांना कोळशात शेतातल्या काडीकचऱ्याच्या पेलेट मिसळायला सांगितलं आहे. कोराडी आणि खापरखेडा तुमच्यापासून लांब नाहीत. अडचण वाहतुकीची आहे. पऱ्हाटी फुगीर असते, ट्रॉली भरते पण वजन भरत नाही. म्हणून एकट्यानं नेऊ नका. चार-पाच जणांनी मिळून गावातच चिपर भाड्यानं आणा आणि चुरा करून पाठवा. अमरावती रोडवर वाडीला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. या संस्थेनं पऱ्हाटीच्या पेलेटवर आणि पार्टिकल बोर्डवर काम केलं आहे. एकदा जाऊन विचारा.

काटोल : छाटणीच्या फांद्या आणि पऱ्हाटीचा बायोचार (कमी हवेत जाळून केलेला कोळसा) करून जमिनीत घातला तर उत्पन्न वाढतं असं ऐकलं. आमची जमीन काळी आहे. करू का?

करा, पण हात राखून. शंकूसारखा खड्डा घ्या, तळाशी जाळ करा. काड्यांवर पांढरी राख दिसू लागली की पुढचा थर टाका. वरच्या ज्वाळेमुळे खाली हवा पोचत नाही आणि लाकडाची राख न होता कोळसा होतो. शेवटी भरपूर पाणी मारून विझवा. शंभर किलो वाळक्या काड्यांतून वीस-पंचवीस किलो मिळतो.

आता मुद्दा तुमच्या जमिनीचा. बायोचारचे मोठे फायदे मुख्यतः आम्लधर्मी आणि हलक्या जमिनीत दिसले आहेत. आपली काळी जमीन मुळातच अल्कधर्मी, पीएच बहुधा 8 च्या आसपास, आणि बायोचारही अल्कधर्मी. त्यामुळे ट्रॉलीनं पसरू नका. आधी माती तपासा. मग बायोचार शेणाच्या रबडीत पंधरा दिवस भिजवून दोन ओळींना द्या, शेजारच्या दोन ओळी तशाच ठेवा आणि हंगामभर बघा. कोरडाच घातला तर तो सुरुवातीला मातीतलं नत्र स्वतःकडे ओढतो.

नागपूर : तर्री-पोह्यांचं आणि समोशांचं दुकान आहे. कढईत उरलेल्या काळ्या तेलाचं काय करावं?

बायोडिझेल. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2018 पासून यासाठी वापरलेलं तेल गोळा करण्याची योजना चालवली आहे, आणि ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापून त्यात बनणारे घटक) 25 टक्क्यांवर गेलेलं तेल पुन्हा तळणाला वापरायला मनाई आहे. तेल गार झालं की फडक्यातून गाळून झाकणाच्या डब्यात साठवा. पाणी जाऊ देऊ नका, पाणी असलं की बायोडिझेल करताना साबण होतो. तर्रीचा तवंग या डब्यात चालणार नाही, त्यात पाणी आणि मसाला असतो. तो खरकट्यासोबत बायोगॅसला द्या, रोज वाटीभरच.