रोजचं आयुष्य आणि प्रवास टिपायला २५ हजारांत कॅमेरा घ्यावा की चांगला फोन? कोणता?

फोन घ्या. कॅमेऱ्यात पैसे घालू नका.

तुम्ही लिहिलंय की घरातलं रोजचं आणि एसटीने होणारा प्रवास टिपायचाय, पण मित्र म्हणतो, 'मनापासून करायचं असेल तर डीएसएलआरच घे.' त्या वाक्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसले. आमच्या घरात हेच वाक्य मी कित्येक वर्षं ऐकतेय.

आम्ही फलटणचे. माझे चुलत दीर एका फोटोग्राफी मंडळाचे सभासद आहेत. हौस दांडगी, हातही चांगला. पण मोबाईलचा फोटो दाखवला की त्यांचं एकच, "वहिनी, स्टेटसला ठीक आहे हो." मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनाच्या नियमातही छापलेलं असायचं की मोबाईलवर काढलेली छायाचित्रं स्वीकारली जाणार नाहीत. फोटो बघायच्या आधीच नकार.

सासूबाई माउलींच्या पालखीबरोबर दिंडीत चालतात. एका वर्षी लोणंदपासून फलटणपर्यंत मीही त्यांच्याबरोबर चालले. खांद्याला पिशवी, पिशवीत फोन, फोनला प्लॅस्टिकची पिशवी, कारण आषाढातला पाऊस विचारून येत नाही. तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब लागतो, तिथे पहिलं उभं रिंगण होतं. भाऊजी मोटरसायकलवरून आले होते, मोठी लेन्स घेऊन सकाळपासून जागा धरून उभे. अश्व दोन्ही बाजूंच्या वारकऱ्यांमधून दौडत आला आणि त्यांना तो नेमका मिळाला, चारही पाय हवेत. अप्रतिम फोटो आहे तो. माझ्या फोनवर फक्त पुढच्या बायकांचे वर केलेले हात आले.

पण संध्याकाळी ते आमच्या तंबूत आले तेव्हाचं ऐका. आत सगळ्याजणी पाय पसरून बसलेल्या. एक आजी दुसरीच्या पोटऱ्यांना तेल चोळत होती, एक जण लेकीशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती, कोपऱ्यात पिठल्याचं पातेलं. भाऊजींनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि तंबूच बदलला. पदर डोक्यावर आले, पाय आखडले, तेलाची वाटी मागे सरकली, सगळ्याजणी ओळीत ताठ बसल्या. त्यांच्याकडे आला तो फोटो शाळेतल्या गटफोटोसारखा.

मी त्याच बायकांचे फोटो दिवसभर काढत होते. लोणंदच्या मुक्कामावर पहाटेच्या कंदिलापाशी फणी फिरवणारी. चालता चालता ओलं नऊवारी दोन टोकांना धरून वाळवणाऱ्या दोघी. रस्त्याकडेला फुकट चपला शिवून देणाऱ्या माणसापुढे एक पाय उचलून उभी असलेली. मी त्यांच्यातलीच होते, त्यांच्याही हातात फोन होते, आणि काढलेला फोटो लगेच बघून त्या "मला पाठव गं" म्हणत होत्या. रोजचं आयुष्य टिपायचं म्हणजे हेच ना? मग ज्या यंत्राने समोरचं रोजचंपण निघून जातं ते कशाला घ्यायचं?

भाऊजींचा शेवटचा मुद्दा असा की मोठा छापला तर मोबाईलचा फोटो फाटतो, म्हणजे अस्पष्ट, ठिपकेदार दिसतो. मी साडी वाळवणाऱ्या दोघींचा फोटो १२ बाय १८ इंचाचा छापून आणला. त्यांना हिशेबही दिला. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० बाय ३००० पिक्सेल. १८ इंचांत ४००० म्हणजे इंचाला २२२ पिक्सेल. भिंतीवरचा फोटो कोणी नाक लावून बघत नाही, हाताच्या अंतरावरून तो स्वच्छ दिसतो. तो आमच्या बैठकीत लावलाय, त्यांना येता-जाता दिसतो. मंडळाचा नियम मात्र तसाच राहिला, आणि तो चुकीचा आहे हे मी इथे पुन्हा सांगते. १९२५ साली बाजारात आलेला लायका कॅमेरा ३५ मिलिमीटरच्या छोट्या फिल्मवर चालायचा. मोठ्या काचप्लेटा वापरणाऱ्यांना तो खेळण्यासारखा वाटला. पुढे रस्त्यावरचं जगणं त्याच छोट्या कॅमेऱ्यांनी टिपलं.

आता तुमच्या कामाचं. लेन्स पुसा, दर वेळी. जेजुरीचा भंडारा, घामाचा हात, पावसाचा थेंब, यांनी फोटो जितके जातात तितके कशानेच जात नाहीत. वारीत बहुतेक पुरुष पांढऱ्या कपड्यांत असतात. ढग फाटून ऊन पडलं की सदरे आणि टोप्या नुसत्या पांढऱ्याफटक येतात, घडीसुद्धा दिसत नाही. अशा वेळी स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, प्रकाश लॉक होतो, मग बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करा. चेहरा नंतर उजळता येतो, जळालेला पांढरा परत येत नाही. दोन बोटांनी झूम करू नका, चार पावलं पुढे जा. ब्यूटी फिल्टर आधी बंद करा. ऐंशी वर्षांच्या बाईच्या सुरकुत्या पुसून तिला गोरी करणारा फोटो हा तिचा अपमान आहे, माझं मत स्पष्ट आहे.

एसटीत काच उघडत नसेल तर फोन काचेला टेकवून धरा, प्रतिबिंब येत नाही. फ्लॅश बंदच ठेवा. घरात ट्यूबलाइट घालवून खिडकीजवळ काम चाललं असेल तेव्हा काढा, भाजी निवडणारा हातही वेगळा दिसतो. गर्दीत नेटवर्क शोधून शोधून बॅटरी संपते, तिथे विमान मोड लावा. आणि कोणाला फोटो पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो आक्रसून जातो आणि मग लोक म्हणतात मोबाईलचे फोटो वाईट.

फोन कोणता, तर मॉडेलचं नाव मी देत नाही, दर दोन महिन्यांनी बदलतं. दुकानात एवढंच विचारा की मुख्य कॅमेऱ्याला ओआयएस आहे का. संध्याकाळी हात हलला तरी सांभाळून घेतं ते. ५० मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका, असे फोन बहुतेक वेळा चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात. २ मेगापिक्सेलची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून काढायची, लेन्स फक्त खोक्यावर छापायला असते.

हे सगळं तुम्ही जे लिहिलंय त्यासाठी. पक्षी, रिंगणातला अश्व, अंधुक सभागृहातला लेकीचा नाच हवा असेल तर फोन कमी पडतो, तिथे भाऊजींचीच लेन्स पाहिजे. पोर्ट्रेट मोडमध्ये माणसामागे येणारा धूसरपणाही सॉफ्टवेअरचा असतो. वृंदावनातल्या तुळशीची पानं आणि वीणेच्या तारा तो कापून टाकतो, बारीक गोष्टी असल्या की तो बंद ठेवा. आणि फोन लहान आहे म्हणून चोरून काढायची मुभा मिळत नाही. टँकरवर किंवा नदीवर आंघोळ करणाऱ्या बायकांचे फोटो कोणत्याही यंत्राने काढू नयेत. लांबून लेन्स लावून ते काढणारे मी नीरेच्या काठी पाहिलेत आणि तोंडावर बोललेय.

२५ हजार सगळे फोनवर घालवू नका. दोन-तीन हजार छपाईला ठेवा, ४ बाय ६ च्या प्रती काढा आणि ज्यांचे फोटो काढले त्यांना नेऊन द्या. वारीत काढलेत तर पत्ता नसला तरी चालतो. दिंडीचा क्रमांक आणि ती रथापुढची की रथामागची, एवढं तेव्हाच लिहून ठेवा, पुढच्या आषाढात त्या बायका तिथेच सापडतात.