वाचकांचे प्रश्न : आजोबांची बार्शी लाइट

प्रश्न : माझे आजोबा मुरूडहून बार्शी लाइटनं पंढरीला जायचे. म्हणतात गाडी एवढीशी, पण माल भरपूर ओढायची. ते कसं जमायचं? आणि तिचं आता काय उरलंय?
– एक वाचक, लातूर

उत्तर : आजोबा बरोबर सांगतायत. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर आधी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत होता, त्यानं 1895 ला लंडनमध्ये कंपनी काढली आणि 1897 ला बार्शी रोड (म्हणजे आपली कुर्डुवाडी) ते बार्शी गाडी चालू केली. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट अन् रूळ एकदम हलके, एका यार्ड (तीन फूट) लांबीला 30 पौंड वजन. त्यावर जड इंजिन घातलं तर रूळ वाकणारच ना, मग त्यानं ठरवलं की इंजिन असो, डबा असो का वाघीण (मालाचा डबा), कुठल्याच आसावर (चाकांच्या जोडीला जोडणाऱ्या दांड्यावर) 5 टनांपेक्षा जास्त भार नको. एकाच्या डोक्यावर पोतं न देता चौघांनी धरावं, तसं. म्हणून किटसन कंपनीच्या त्या इंजिनाला आठ चाकं जोडलेली आणि मागं आणखी चार. इकडं पाठवायच्या आधी लीड्सजवळ रूळ टाकून सगळं चालवूनही दाखवलं होतं. स्वस्तातली लाईन म्हणून लोक तिला हलक्यात घेतात ते मला अजिबात पटत नाही, एवढा बारीक विचार फार कमी रेल्वेंच्या मागं असेल.

पुढं 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर (तेव्हा निजामाच्या राज्यात), 1927 ला मिरज, असा सव्वातीनशे किलोमीटरचा पसारा झाला. 1954 ला सरकारनं ती विकत घेतली.

अडचण एकच होती पण मोठी. कुर्डुवाडीला गेज (रुळांमधलं अंतर) बदलायचं, म्हणजे लातूरहून मुंबईला निघालेलं प्रत्येक पोतं तिथं उतरवून परत दुसऱ्या वाघिणीत चढवायचं, वेळ जायचा, हमाली वाढायची. शेवटी 2007-08 मध्ये लातूर ते कुर्डुवाडी ब्रॉडगेज (मोठ्या गाडीचा रुंद मार्ग) झालं, आणि जुनी लाईन धाराशिव शहराला बाजूला टाकून जायची ती शहरातनं नेली.

उरलंय म्हणाल तर कुर्डुवाडीचं वर्कशॉप आहे, माथेरानच्या छोट्या गाडीचे डबे तिथं झालेत. इंग्लंडात कॅलथ्रॉपनंच केलेली लीक अँड मॅनिफोल्ड नावाची लाईन 1934 ला बंद पडली, तिच्या जागेवर आता लोक चालतात, सायकली फिरवतात. आपल्याकडं जिथं रुळांचा जुना मार्ग मोकळा पडलाय तिथं असं व्हायला पाहिजे, मला मनापासून वाटतं. तोवर आजोबांच्या पेटीत पुठ्ठ्याचं तिकीट सापडलं तर जपून ठेवा, आणि मुरूडहून पंढरीला कसं जायचे ते त्यांच्याच तोंडून मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या.