चोरीला गेलेली गावची मूर्ती लंडनच्या लिलावात

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका देवस्थानाचा विश्वस्त आहे. 1996 मध्ये आमच्या देवळातली काळ्या पाषाणाची विष्णुमूर्ती चोरीला गेली. गुन्हा नोंदवला गेला, पण पुढे ‘अ समरी’ (गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही, असा पोलिसांचा अहवाल) होऊन तपास थांबला. आता लंडनमधल्या माझ्या पुतण्याला ती एका लिलावाच्या कॅटलॉगमध्ये दिसली. डाव्या हाताची तुटलेली बोटं तीच आहेत. खाली ‘1970 पूर्वीपासून युरोपातील खासगी संग्रहात’ असं छापलंय. लिलाव तीन आठवड्यांवर आला आहे. गाव वर्गणी काढून मूर्ती विकत घ्यायला निघालंय. घ्यावी का? आमच्याकडे एफआयआरची प्रत आणि 1989 च्या जीर्णोद्धाराचा एक फोटो आहे.

उत्तर : वर्गणी आजच थांबवा. गावाची तळमळ मला कळते, पण आपलाच देव पैसे मोजून घेतलात, तर विकणाऱ्याची मालकी तुम्हीच मान्य केल्यासारखं होईल. पुतण्यालाही गिऱ्हाईक म्हणून चौकशी करू देऊ नका. कुणकुण लागली की अशा वस्तू लिलावातून गुपचूप काढून घेतल्या जातात आणि मग वर्षानुवर्षं दिसत नाहीत.

तुम्ही सहज उल्लेख केलेला तो फोटो हाच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. 1989 मध्ये जी मूर्ती तुमच्या गाभाऱ्यात होती, ती 1970 पूर्वी युरोपात असूच शकत नाही. म्हणजे कॅटलॉगमधला इतिहास खोटा ठरतो. शिवाय 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनी मूर्ती कोणाही खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे 1996 नंतर ती कायदेशीरपणे बाहेर गेली, असा कागद कोणाकडे असणार नाही.

आता थोडी कडू बाजू. सांस्कृतिक मालमत्तेच्या चोरट्या व्यापाराविरुद्धच्या 1970 च्या युनेस्को करारात भारत 1977 मध्ये सामील झाला, ब्रिटन मात्र 2002 मध्ये. दोन्ही देशांना करार लागू झाल्यानंतरच्या चोऱ्यांनाच त्यातलं परत करण्याचं बंधन आहे. तुमची चोरी त्याआधीची आहे. म्हणून केवळ करारावर विसंबू नका.

इंग्लंडचा स्वतःचा कायदा मात्र तुमच्या बाजूने बराच बोलतो. ठरावीक वर्षांनंतर मूळ मालकाचा दावा संपतो, या मुदतीच्या कायद्याचा फायदा चोराला मिळत नाही. मधल्या कोणी प्रामाणिकपणे खरेदी केली असेल, तरच त्या खरेदीपासून सहा वर्षं मोजतात, आणि तो प्रामाणिकपणा त्यालाच सिद्ध करावा लागतो. खोट्या इतिहासासह विकलेल्या वस्तूबाबत ते सोपं नाही. तमिळनाडूतल्या पत्तूरच्या नटराजाच्या खटल्यात तर लंडनच्या अपील न्यायालयाने खुद्द देवळाचा हक्क मानला आणि 1991 मध्ये मूर्ती भारतात आली. तमिळनाडूतल्याच अनंतमंगलमहून 1978 मध्ये चोरलेल्या राम, लक्ष्मण आणि सीतेच्या मूर्ती 2020 मध्ये लंडनमध्येच आपल्या उच्चायुक्तालयाच्या हाती आल्या. तिथे 1958 चे फोटो कामी आले.

एफआयआर आणि समरी अहवालाच्या प्रमाणित प्रती, धर्मादाय कार्यालयातला ट्रस्टच्या नोंदवहीचा उतारा, मूळ फोटो आणि कॅटलॉगचं पान असा संच याच आठवड्यात तयार करा. एक संच पोलीस अधीक्षकांना द्या आणि पुढील तपासाची मागणी करा. त्यांच्यामार्फत प्रकरण सीबीआयकडे, म्हणजे इंटरपोलच्या भारतातल्या कार्यालयाकडे जाईल. दुसरा दिल्लीला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांना आणि तिसरा लंडनच्या उच्चायुक्तालयाला पाठवा. लंडन पोलिसांचं पुरावस्तूंसाठी वेगळं पथक आहे. पुतण्याने त्यांना लेखी तक्रार द्यावी. लिलाव रोखण्याची नोटीस तिथल्या सॉलिसिटरकडूनच जाऊ द्या, आणि तीही पोलिसांशी बोलून झाल्यावर.

मूर्ती परत आली तरी ती थेट गावात येईलच असं नाही. आधी सरकारच्या ताब्यात राहील, कदाचित मुद्देमाल म्हणूनही. म्हणून गाभाऱ्याचं भक्कम दार, कॅमेरा आणि रखवालदार यांचा ठराव ट्रस्टने आत्ताच करून ठेवावा. ताबा मागताना तो अर्जासोबत जोडता येईल. जमलेली वर्गणी त्यासाठी आणि सॉलिसिटरच्या फीसाठी वापरा.