बेसबॉलचा स्कोअर वाचताना
क्रिकेटच्या सवयीने तू थेट धावांकडे बघतोस, तिथेच गडबड होते. ओळीतले शेवटचे तीन आकडे एकत्र वाच: धावा, हिट्स (बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या टप्प्यावर, पोचवणारे फटके), एरर्स (फिल्डिंगच्या चुका). २६ मे १९५९ चा सामना घे. पिट्सबर्ग ०-१२-१, मिलवॉकी १-१-०. १२ हिट्स मारून पिट्सबर्गवाले हरले! त्यांचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, हार्वी हॅडिक्स याने १२ इनिंग्ज एकालाही बेसवर पोचू दिलं नव्हतं. तेराव्या इनिंगमध्ये पिट्सबर्गच्याच डॉन होकचा थ्रो चुकला, पुढे मिलवॉकीच्या ॲडकॉकचा फटका, खेळ खलास. धाव एररमधून आलेली, म्हणून हॅडिक्सच्या नावावर अर्न्ड रन (फिल्डिंगच्या चुकीशिवाय दिलेली धाव) शून्य, पण पराभव त्याच्याच खात्यात. त्यामुळे पिचरच्या जय-पराजयाला मी फारसं विचारत नाही. आधी अर्न्ड रन्स, वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट दिलेला बेस), स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) बघ. बॅटिंग ॲव्हरेज नंतर. आणि .३००, म्हणजे दहा संधींत तीन हिट्स, बघून हसू नकोस, तिथे तो भारी आकडा आहे.