अ‍ॅसिडिटीची गोळी रोज घेतली तर?

प्रश्न: दोन वर्षं रोज पॅन्टोप्राझोल घेतेय, बंद केली की छातीत डबल जळजळ, आता पायात गोळे पण येतात, गोळीमुळेच का?

उत्तर: शक्य आहे ताई. बंद केल्यावरची जळजळ बऱ्याचदा रिबाउंड असते, दाबलेलं अ‍ॅसिड काही आठवडे उलट जास्तच बनतं, म्हणून एकदम न सोडता डॉक्टरांना विचारून डोस हळूहळू कमी करा. वर्षभराच्या वर घेतली की काहींचं मॅग्नेशियम घटतं आणि त्याने गोळे येतात, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) २०११ लाच हा इशारा दिलाय. बी१२ पण कमी होऊ शकतं, कारण अन्नातून ते सुटं व्हायला अ‍ॅसिड लागतं. दोन्ही टेस्ट कराच. मात्र पेनकिलर किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पॅन्टोप्राझोल स्वतःहून अजिबात थांबवू नका, अल्सर होऊ नये म्हणूनच दिलेली असू शकते.