समीक्षकांनी झोडपलेला राक्षसपट मला मनापासून आवडला. माझी आवड चुकीची आहे का?

तुम्ही लिहिलंय, ‘गॉडझिला: किंग ऑफ द मॉन्स्टर्स’ पाहून भारावून गेलात, मग परीक्षणं वाचली तर सगळीकडे चिरफाड, आता हा सिनेमा आवडला म्हणायचं की नाही? म्हणायचं. मी २०१९ पासून म्हणतोय, आणि पुन्हापुन्हा पाहूनही माझं मत बदललेलं नाही.

समीक्षकांनी काही डूख धरून लिहिलं नव्हतं, हे मात्र आधी कबूल करतो. माणसांची गोष्ट खरोखरच कच्ची आहे. एमा रसेल ही शास्त्रज्ञ बाई आधीच्या संकटात पोटचा मुलगा गमावून बसलेली, आणि तीच जगभरचे राक्षस जागे करायला निघते. इतका टोकाचा निर्णय आपल्याला कळतो कसा? तर ती स्क्रीनवर येऊन भाषण देते आणि सोबत आपत्तींची दृश्यं सरकत राहतात. आईचं दुःख त्या भाषणात कुठे सापडत नाही. शास्त्रज्ञ डॉ. ग्रॅहम तर २०१४च्या भागापासून ओळखीच्या. अंटार्क्टिकात गिडोरा हा तीन डोक्यांचा राक्षस त्यांना गिळतो आणि सिनेमा धड श्वास घ्यायलाही थांबत नाही. झुंज ऐन रंगात आली की कॅमेरा पळणाऱ्या माणसांकडे वळतो, त्यात पाऊस, बर्फ नाहीतर धूळ. चिडचिड मलाही झाली होती, अजूनही होते.

पण या सिनेमातली खरी पात्रं राक्षस आहेत, आणि त्यांच्यावर केलेलं काम बहुतेक परीक्षणांत दोन ओळींत उरकलं गेलं. गिडोराची तीन डोकी घ्या. त्यांच्या हालचालींसाठी तीन वेगवेगळ्या कलाकारांनी अभिनय केलाय, त्यामुळे तिघांचे स्वभाव वेगळे झालेत. अंटार्क्टिकात बाजूचं एक डोकं मेलेल्या सैनिकांपाशी कुतूहलाने रेंगाळतं, तर मधलं डोकं त्याच्यावर खेकसून त्याला ताळ्यावर आणतं. थोरल्याने धाकट्याला दटावावं तसं! एकही संवाद नाही, तरी त्या प्राण्याचं घरातलं राजकारण आपल्याला कळतं. मॉथ्रा ही पतंगासारखी राक्षसीण धबधब्याआड पंख उलगडते तो प्रसंगही असाच, नुसत्या उजेडावर उभा असलेला.

आणि डॉ. सेरिझावा, सिनेमातले जपानी शास्त्रज्ञ. इथे मला जरा सविस्तर लिहू द्या, कारण माझा जीव या सिनेमात अडकलाय तो याच प्रसंगामुळे.

१ मार्च १९५४ला बिकिनी बेटांवर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि तिची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरात इशिरो होंडा यांचा मूळ ‘गोजिरा’, म्हणजे पहिला गॉडझिलापट, आला. त्यातल्या तरुण सेरिझावाने एक भयंकर अस्त्र शोधलेलं असतं. ते उद्या भलत्याच्या हाती पडेल या धास्तीने तो आधी सगळी कागदपत्रं जाळतो, मग पाणबुड्याचा पोशाख घालून समुद्रात उतरतो, अस्त्र सोडतो आणि स्वतःची दोरी कापून गॉडझिलासोबतच मरतो.

२०१९च्या सिनेमात याच नावाचा माणूस पुन्हा समुद्राखाली एकटा जातो, पण या वेळी मरणाऱ्या गॉडझिलाला जगवायला. हातात अणुबॉम्ब. ही भूमिका करणारे केन वातानाबे हातमोजा काढतात आणि उघडा तळवा त्या अवाढव्य, खरखरीत तोंडावर टेकवतात. जपानीत त्याचा निरोप घेतात, मित्र म्हणून. ज्या अणुशक्तीच्या भीतीतून हा प्राणी पडद्यावर जन्मला, तीच त्याला परत द्यायला एक जपानी म्हातारा आपला जीव देतो. पासष्ट वर्षांनी उलटी केलेली ही गोष्ट ज्याला सुचली, त्या दिग्दर्शक मायकल डोहर्टीचं या राक्षसांवर प्रेम नाही, असं मला कुणी पटवू शकणार नाही.

वाद घालताना एक मुद्दा मी कधीच वापरत नाही, तुम्हीही वापरू नका: ‘द थिंग या भयपटालाही १९८२ साली समीक्षकांनी झोडपलं होतं, आज तो अभिजात मानला जातो.’ ते खरं आहे. पण आपल्या आवडीला काळाने पुढे कधीतरी शिक्का मारावा, याची वाट कशाला बघायची? एमाचं भाषण वीस वर्षांनीही कच्चंच राहणार. त्याच सिनेमात तो उघडा तळवाही राहणार. मला दोन्ही दिसतात, आणि मी सिनेमा पुन्हा लावतो तो तळव्यासाठी.

तेव्हा कुणी विचारलं तर ‘टाइमपास म्हणून ठीक आहे’ असं पडतं घेऊ नका. काय आवडलं ते प्रसंगासकट सांगा. आणि १९५४चा ‘गोजिरा’ पाहिला नसेल तर या आठवड्यात पाहाच. कृष्णधवल आहे, सुरुवात संथ वाटेल, पण शेवटी सेरिझावा दोरी कापतो तिथपर्यंत धीर धरा. मग २०१९चा तो हातमोजा काढतानाचा प्रसंग पुन्हा लावा.